इतर

फॉर्मवर रकाने चार:
घर, मशीद, विहीर, इतर.
प्रिझमची काठी धरून मी उभा, यंत्रापाशी बेनी थॉमस,
आणि रास शुबैकची घरं काही संपेनात.
प्रवाळाचा दगड, खजुराचे वासे,
दारं नेलेली, उंबरे राहिलेले.
चव्वेचाळीस. पंचेचाळीस हा बकऱ्यांचा गोठा,
तोही घरात धरला.

शेहेचाळीस हे घर नव्हतं.

मासळी वाळवायच्या ओट्यामागे कमरेइतका चौथरा,
त्यावर घुमटी, घुमटीवर उतरत्या मापाच्या तीन छत्र्या,
तेलाची पिंपं फाडून ठोकलेल्या.
एका कडेवर गंजातून कंपनीचं अर्धं नाव.
आत कोनाडा. कोनाड्यात मूर्ती नाही,
एक चौकोनी डाग
आणि कबुतराचं जुनं, पोकळ अंडं.

बेनी म्हणाला, चिनी हॉटेल असेल.
मी बूट काढले.
का, ते त्यानं विचारलं नाही.

मागच्या बाजूला ओल्या गिलाव्यात खिळ्यानं कोरलेलं:
दोन लिप्या गोल गोल, मला न येणाऱ्या,
आणि तिसरी ओळ
वि. ल. मर्चंडे, बौद्धवाडी, ता. मंडणगड. गिलावा.
बस. एवढंच. गिलावा.
जणू बाकी जग दुसऱ्यांनी बांधलं
आणि ह्यानं फक्त गुळगुळीत केलं.

दुपारी सैफ आला, गावाच्या शेवटच्या नाखुद्याचा नातू,
गाडीतून न उतरता गल्फच्या हिंदीत बोलत राहिला.
आजोबा खलफानची तीन गलबतं होती मोत्यांसाठी.
मग मोती शेतात पिकावेत तसे कुठेतरी पिकू लागले,
भाव पडला, गलबतांच्या फळ्यांची दारं झाली,
पोरं कुवेतला गेली.
मग धक्क्याच्या कामावर आली ही माणसं,
सिलोनची, बर्माची, तुमच्याकडची,
सुट्टी एकच, शुक्रवार.
जागा मागायला आली तेव्हा आजोबा म्हणाला,
विहीर काय मी खणली?
बांधा तिच्याजवळ.
मूर्ती पियदासाच्या पत्र्याच्या पेटीत असायची.
पौर्णिमेला पेटी यायची, सकाळी परत जायची.

विहिरीजवळ.
मी टेप काढली.
चार मीटर वीस. पुन्हा मोजलं. चार वीस.
आमची वाडी वहाळाच्या खालच्या अंगाला.
वरून सगळ्यांचं होऊन उरलेलं पाणी यायचं.
हे आजा सांगायचा, बापानं थोडं पाहिलेलं,
मी ऐकलेलं.
मर्चंडेनं इथे चुना कालवायला
पहिला पोहरा सोडला असेल, तेव्हा
आजूबाजूला पाहिलं असेल का एकदा?
की ती सवय विमानतळावरच ठेवून आला होता?

पुढचं सैफनं भराभर सांगितलं.
विहीर खारी झाली. सरकारनं हमरस्त्याला घरं दिली, नंबरची.
धक्का पूर्ण झाला, कॅम्प हलला, पेटी गेली.
आजोबा एकटाच वर्षभर राहिला,
गोडं पाणी टँकरचं पीत, खाऱ्या विहिरीवर बसून.

आता रिसॉर्ट, मी म्हणालो.
आता रिसॉर्ट, तो म्हणाला. गाडी सुरू केली, बंद केली.
एक सांगतो. आमचे कोळी अजून रात्री परततात ना,
मशिदीचा मनोरा आणि ह्या छत्रीचं टोक
एका रेषेत धरून येतात.
रेष सुटली की खडक.
माझ्या बापाला कोणी सांगितलं नव्हतं हे काय आहे.
तो ह्याला दुसरा मनोरा म्हणायचा.

मी काठी टोकाशी धरली. बेनीनं आकडे वाचले.
मग मनोऱ्याशी. पुन्हा आकडे.
कागदावर दोन ठिपके, मध्ये रेष,
रेष सरळ समुद्रात, खडकांच्या फटीतून.

शेरा: खूण. हलवू नये.
बेनी म्हणाला, कोण वाचणार आहे?
खरंच होतं ते.
तरी शाई सुकेपर्यंत कागद धरून ठेवला,
वारा होता.

बूट घातले तर आत वाळू.
तशीच घेऊन निघालो
सत्तेचाळीसकडे. घर. छप्पर नाही.