मधल्या किमतीची जोडी

बजेट ठरलेलं : जोडीला पस्तीस हजार.
वायर वेगळी, स्टँड वेगळे,
आणि कुंदाला सांगायचा आकडा
तोही थोडा वेगळा.

तापकीर गल्लीत, वरच्या मजल्यावर
भांबुरेंचं दुकान. चपला बाहेर.
भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या.
खाली हॉर्न, हातगाडी, ड्रिल मशीनची घासाघीस.
आत भांबुरे नुसतं बोट वर करतात
आणि खोली गप्प होते.

पहिली जोडी अठ्ठावीसची.
दुसरी छत्तीसची.
तिसरी बासष्टची, नुसती ऐका म्हणाले,
ऐकायला कुठे पैसे पडतात!

तेच सतारीचं रेकॉर्डिंग तिन्हींवर.
"वरचे सूर बघा, कसे उघडलेत."
मी मान हलवली.
मान हलवणं मला चांगलं जमतं.
बत्तीस वर्षं भोसरीत, पॉवर प्रेसच्या शेजारी,
सुपरवायझर काय म्हणतो ते ओठांवरून ओळखून
अशीच हलवली.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख
पाकिटात असतो, विजेच्या बिलामागे, घडी घालून.
उजवी रेघ पर्वती उतरावी तशी उतरते,
एकेक पायरी.
डावी चार हजारापाशी येते
आणि तिथे पायरीच नाही.
त्याच्या वर काय वाजतं
ते मला ऐकून माहीत आहे,
म्हणजे लोकांकडून.

छत्तीस आणि बासष्ट
मला सारखेच वाजले.
मधले सव्वीस हजार
नेमके तिथे होते
जिथे माझा कान नाही.
वाचले, म्हटलं. बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

कुंदा तोवर स्टुलावर, पिशवी मांडीवर,
पिशवीतून मंडईतला मुळा डोकावतोय.
तिला गाण्यातलं काही कळत नाही
असं ती म्हणते,
आणि तीस वर्षं मीही.
भांबुरेंनी एका बाईंचा आवाज लावला,
संथ, बिनतबल्याचा.
"ह्या मधल्यावर," कुंदा म्हणाली,
"श्वास घेतात ते येतंय ऐकू.
आणि सूर लावायच्या आधी ओठ सुटतात ना, टप्,
तेसुद्धा.
महागड्यावर पण येतंय, पण तिथे त्या
जरा जास्तच जवळ येऊन बसतात.
आणि पहिल्यावर त्यांना सर्दी झालीय."

भांबुरेंनी चष्मा काढला, पुसला.
गिऱ्हाइकं बास बोलतात, ट्रेबल बोलतात,
वॅट तर चहावाल्याचा पोऱ्याही बोलतो.
सर्दीचं कुणी सांगितलं नव्हतं.
पाचशे कमी केले,
न मागता,
बुधवार पेठेत.

स्टँड रफिक मुजावरने करून दिले, आमच्याच शॉपमधला,
भंगारातल्या चौकोनी पाइपचे,
आत वाळू ठोकून भरलेली.
उजव्या हाताला तीनच बोटं असलेला माणूस
वेल्डिंग एवढं सरळ कसं मारतो
मी विचारलं नाही.
त्यानेही ह्या वयात स्पीकर कशाला, विचारलं नाही.

आता धायरीच्या घरात
डावा स्पीकर उजव्याहून वीतभर पुढे,
खुर्ची मधोमध नाही.
पाहुणे म्हणतात, वाकडं दिसतंय.
दिसू दे.

संध्याकाळी सतार लावतो.
कुंदा लसूण सोलत बसते,
मालिका बुडल्याचा राग नाकावर तसाच.
मध्येच बोट वर करते, भांबुरेंसारखं.
म्हणजे आत्ता वर काहीतरी वाजून गेलं,
बारीक.

मी मान हलवत नाही.
"कसं होतं?" विचारतो.

ती पाकळी नखांत धरून शोधते,
"साल सुटताना जसं...
नाही.
थांबा.
परत लावा."