दाल तडका, हाफ

साहेबानं गल्ल्यामागं कागद चिकटवला.
शिक्का जांभळा, अजून ओला.
प्यायचं ते टेबलावर. बाटली उंबऱ्याबाहेर जाणार नाही.
मालक म्हणाले, मुंजाजी, मोठ्यानं वाच.
वाचलं. बारावी नापास असलो तरी वाचता येतं.

साहेबाची गाडी पाथरी रोडला लागली
तसे मालक म्हणाले,
आजपासून क्वार्टर म्हणायचं नाही.
क्वार्टर म्हणजे दाल तडका हाफ.
खंबा म्हणजे फुल.
बियर म्हणजे जिरा राईस,
गारच पाहिजे असंल तर 'दही वेगळं'.

मानवतात इतकी डाळ कधी शिजली नव्हती.
जिनिंगच्या गेटवर डाळ,
कोर्टामागच्या झेरॉक्सवाल्याला डाळ,
बाजाराच्या दिवशी तर माझ्या गाडीला दोन्हीकडून डाळ.
पेपरात गुंडाळायची, काळी पिशवी, वर एक लिंबू.
लिंबू मात्र खरं.
आचारी सय्यदभाई बिलं चाळत हसायचा,
एवढं नाव झालं माझ्या हाताचं
अन् आठ दिवसांत मी फोडणी टाकली नाही.

मग एक फोन. पावणेदहा.
बाईचा आवाज, सावकाश.
रंगार गल्ली, डुबे सरांचं घर. दाल तडका हाफ.
डुबे सर? मालक थांबले.
ते तर पोळ्याच्या आधीच गेले.
मग म्हणाले, जा. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

बाईंनी दार उघडलं तर
एका हातात रिकामं पातेलं,
दुसऱ्यात ऐंशी रुपये, मोजलेले.
दोनशे दहा झाले, मी म्हणालो.
तूर एवढी महागली का रे,
म्हणत आत गेल्या, कुठल्या तरी डब्यातून
नोटा घेऊन आल्या.

पिशवीला त्यांनी खालून तळवा लावला.
गार आहे, म्हणाल्या.
मग नुसती बोटं फिरवली, पेपर न उघडता,
जशी अंधारात चप्पल सापडते.
हे मोप होतं माझ्याकडं.
पिठाच्या डब्यामागं, सरांच्या बुटात,
पेपर तपासायच्या गठ्ठ्यात.
मला वाटलं, आता तरी डाळ येईल.

लिंबू तेवढं ठेवून घेतलं.
पैसे मी परत दिले, सगळे.
चौकापर्यंत गाडी ढकलतच नेली, उगाच.

सय्यदभाई, मी म्हणालो,
एक दाल तडका हाफ.

त्यानं फ्रीज उघडला.