जस्त

रात्री सव्वादोनला रेणूची मूठ
माझ्या बनियनला धरून ताठ झाली.
अंग रेक्टिफायरच्या वायरीसारखं तापलेलं,
डोळे वर, आमच्यातल्या कुणाकडेच नाहीत.
मग ती हलायला लागली,
मोटार लावल्यावर पाइप हलतो तशी.

पगारे काकू कांदा फोडून आल्या.
कुणी तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला,
कुणी म्हणालं, दातांत चमचा घाला.
सुवर्णा नुसती नाव घेत राहिली.
मी घड्याळ बघत होतो.
दुसरं येतं काय मला?
बारा वर्षं बाथवर उभा आहे,
हँगर खाली, करंट चालू, मिनिटं मोजायची.

तीन मिनिटं आणि वर थोडी.
तेवढ्यात बोल्टावर धड रंगही धरत नाही.
आमचं होतं नव्हतं ते सगळं उतरून गेलं.

त्रिमूर्ती चौकापर्यंत रिक्षात ती घोरत होती.
डॉक्टर कासलीवाल झोपेतून उठून आलेले,
म्हणाले, तापातली आकडी आहे.
कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही.
घड्याळ बघितलंत ते बरं केलंत.
(त्यावर सुवर्णाने माझ्याकडे जे पाहिलं
ते मी कुणाला सांगितलेलं नाही.)

शीर सापडेना.
तिसऱ्या टोचणीला रक्त आलं, चमचाभरही नसेल.
चौथ्या दिवशी कागद:
सोडियम ठीक, कॅल्शियम ठीक,
जस्त बावन्न.
हवं साठाच्या वर.

जस्त?
झिंक हो, ते म्हणाले,
मला कळलं नसेल असं वाटून.

साहेब, झिंकचं मला सांगू नका.
अंबडच्या शेडमध्ये त्याच्या पाट्या मी खांद्यावरून नेतो.
ते माझ्या नखांत आहे, डब्याच्या झाकणावर आहे,
लोखंड गंजू नये म्हणून मी आठ मायक्रॉन देतो,
साडेसात भरलं तर माल परत येतो
आणि सुपरवायझर आई काढतो.
हे सगळं मी मनात बोललो.
तोंडाने विचारलं, त्याच्यामुळे झालं का?

तसं सांगता येत नाही, ते म्हणाले.
अशा मुलांत कधी कमी सापडतं, कधी नाही.
तापात तसंही खाली जातं.
चौदा दिवस सिरप द्या.
आणि कामाचे कपडे घरात आणू नका,
ते जस्त पोटात जायचं नव्हे.

रेणू चमचा चाटते, तोंड वाकडं करते.
"किल्ली लागते," म्हणते.
तिला त्या रात्रीचं काही आठवत नाही,
किंवा जिभेला आठवत असेल.

दुसरी पाळी सुटते साडेअकराला.
मी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतो,
दोनदा, साबणाने.
मग तिच्या कपाळावर ठेवतो
आणि ठरत नाही,
तिला कणकण आहे
की माझाच हात गार.
सुवर्णा डोळे न उघडता म्हणते,
आधी हात शेकून ये.