डावी पट्टी

येमूल मास्तरांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.
"तौफिक, माझं डावं गेलं."
मला वाटलं हात. घास तसाच राहिला.
"पट्टी रे, पट्टी. रात्रीत बदललं सगळं आपापलं."

दुपारचे दोन. अशोक चौकातनं पूर्वभागात वळलो
तर डांबर चपलेला सोडायला तयार नाही.
त्यांच्या गल्लीत आता तीनच शेड खडखडतात,
चौथ्यात दुचाक्या धुतात.

स्क्रीनवर मास्तरांनी टॉवेल टाकून ठेवलेला,
स्वतःच्याच डिझाइनचा, मोर असलेला.
मी उचलला.
खाली, मधोमध, सगळी चित्रं गोळा झालेली
लग्नात फोटोला बोलावलेल्या सोयऱ्यांसारखी,
कोण कुणाकडचं काही कळत नाही.

चार वर्षांपूर्वी मीच उभी केली होती ती पट्टी, डाव्या काठाला.
वरून पहिलं डिझाइन.
दुसरं रंगांचं.
तिसरं सुनेचा हिशेब, त्याला हात लावायचा नाही.
चौथ्यात भिवंडीची लेक, रात्री नऊनंतर.
मास्तर नावं वाचत नाहीत, इंग्रजीशी त्यांचं कधी जमलं नाही.
ते उंची वाचतात.
"ग्राफपेपरवर पण मी डावीकडनंच धरतो की.
आधी काठ. काठ नसला तर ती चादर कसली,
फडकं म्हणायचं त्याला."

मी सेटिंगमध्ये शिरलो.
मशीननं विचारलं, मधे की डावीकडे?
डावीकडे म्हणालो तर सगळी निघाली
आणि खालच्याच कोपऱ्यात जाऊन बसली.
उभं राहायची सोयच काढून टाकलेली.
"काढली? कुणी?"
"कंपनीनं."
"म्हणजे मालकानं," मास्तर म्हणाले
आणि त्यावर पुढं काही विचारलं नाही.

बाहेरचं एक सॉफ्टवेअर मिळतं, मी म्हणालो,
उभी करून देईल पट्टी, पण पुढच्या अपडेटला मोडेल.
"मोडणारं नको."
उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन अम्मा विड्या वळत होत्या.
मान वर न करता त्यांनी विचारलं, "अयिंदा?"
"लेदु," मास्तर म्हणाले.
सुपातली पानं पंख्यानं हलली, एवढंच.

मग ते उठले. कोनाड्यातनं बॉबिनांचा डबा काढला.
लाल दोरा दातानं तोडला, बोटभर.
स्क्रीनच्या खालच्या प्लास्टिकवर चिकटपट्टीनं लावला,
बरोबर डिझाइनच्या चित्राखाली.
रंगांना पिवळा.
हिशेबाला काळा, सुनेला विचारून.
लेकीसाठी मोतिया शोधत बसले,
सापडेना, डबा पालथा केला, सापडला.
माझ्याकडनं चित्रं नुसती ओळीत लावून घेतली
आणि जी लागत नाहीत ती एकेक काढायला लावली,
हवामान, बातम्या, कुठल्या तरी हसऱ्या पोरीचं दुकान.
"हिला कुणी बोलावलं होतं?"

मी तीनशे घेतले. खरं तर मी काहीच केलं नव्हतं.
जाताना बघितलं,
मास्तर माऊस धरून बसलेले, नजर स्क्रीनवर नाही,
खाली, दोऱ्यांवर.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन.
"दोरे जागेवर आहेत. वरची चित्रं एक घर सरकली.
मधेच एक नवीन घुसलंय."
मी म्हणालो, त्याच्यावर उजवं बटण दाबा.
दाबलं. यादी आली. यादी वाचणार कोण?
सून बाजारात.
पलीकडं माग चालू होता, फोनमधनं ऐकू येत होता
आणि मधेच लाईट गेली असावी, कारण तो थांबला.
"येऊ का मी?"
"नको बे, एवढ्या उन्हात. लाईट आल्यावर दोरेच सरकवतो."
मग थोडं थांबून,
"जेवलास का? मागच्या वेळी उठवलं होतं तुला ताटावरनं."