कानशिलापाशी

सातवा दिवस. उजाडायला अजून दोन तास.
खिडकीखाली कल्लावेसी सरोवर, पालथ्या ताटासारखं.
यंत्राचा गाडा ढकलत मी चार नंबरच्या खाटेशी येते.
एक चाक कुरकुरतं. कुणी तेल घालत नाही.

"आइमो, जेल गार लागेल हं."
रोज सांगते. रोज दचकतो.

कानाच्या जरा पुढं, कानशिलावर, हाड पातळ असतं
काहींचं. सगळ्यांचं नसतं.
काल दोन नंबरच्या बाईंच्या कवटीनं
वीस मिनिटं मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं,
नुसती खरखर, शेवटी मीच हात जोडले.
आइमोचं दार मात्र उघडंच.
पंचावन्न मिलिमीटर आत, डावीकडची मधली धमनी.
कांडी केसभर तिरपी केली
की ती बोलायला लागते.

चौथ्या दिवशी सुस्त होती, जेवून शतपावली केल्यासारखी. सत्तर.
पाचव्या दिवशी शहाण्णव.
आइमो तेव्हा बोलत होता. शाळेचा शिपाई तो,
थंडी पडली की रात्री मैदानावर पाणी मारून
मुलांना स्केटिंगला बर्फ करून देणारा. तेवीस वर्षं.
मी म्हणाले, मेंदूभोवती सांडलेलं रक्त
धमन्यांना झोंबतं, मग त्या अंग चोरतात,
आणि वाट अरुंद झाली की रक्त धावतं.
तो म्हणाला, मला काय सांगतेस!
उजवा अंगठा हवेत वाकवून दाखवला:
पाइपाच्या तोंडावर असा धरायचा.
धार पार गोलपोस्टापर्यंत जाते.
बादली मात्र भरत नाही.

काल एकशे एकतीस.
आज आवाज कानाला बोचतो,
दाराच्या फटीतून घुसणाऱ्या वाऱ्याचा, वरच्या पट्टीतला.
दोनशे चार.
माझा विश्वास बसत नाही, पुन्हा शोधते.
दोनशे नऊ.
मानेतली धमनी तपासते: चौतीस, कालचीच चाल.
म्हणजे रक्त वाढलेलं नाही.
वाटच आवळलीय.

राकेल, त्याची बायको, पडद्यावरची उंच शिखरं बघते.
"जोरात वाहतंय," ती म्हणते. "बरं होतंय ना?"

सांगायचं काम माझं नाही. मी मोजणारी.
त्याच्या कानशिलावरचं जेल पुसते, गरजेपेक्षा जास्त वेळ.
माझं बोट त्याच्या उजव्या मुठीत देते.
"दाब, आइमो."
चार बोटं येतात, उशिरानं, परक्याच्या घरी आल्यासारखी.
अंगठा येत नाही.
तो माझ्याकडे बघून "पाणी" म्हणतो.
राकेल पेला पुढं करते. तो मान हलवतो. "पाणी."
त्याला काहीतरी दुसरंच म्हणायचंय,
आणि दर वेळी हाच शब्द हाताशी लागतो.

मी फोन लावते. डॉक्टर हेल्मी धावत येत नाही,
फक्त तिच्या बुटांचे आवाज जवळजवळ पडतात.
रक्तदाब वाढवायचं ठरतं, वर तिसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरतं,
खाटेचे ब्रेक सुटतात.
राकेलच्या हातात पेला तसाच.

दुपारी घरी जाताना मी शाळेवरून जाते.
मैदानाच्या मधोमध बर्फाचा एक उंचवटा आहे.
त्या रात्री तो पडला, पाइप चालूच राहिला,
पाणी एकाच जागी थिजत गेलं.
कुणी तासला नाही.
पोरं सुसाट येतात, तिथं वळसा घालतात, पुन्हा सुसाट.

उद्या आठवा दिवस.
जेलची बाटली आधी थोडा वेळ खिशात ठेवीन.