मीठ पाहणं

बकाराम ठवरेच्या तेरवीला तीनशे पान.
आलू-वांगं, वरण, भात, बुंदी.
आचारी मीच. दुसरा कोण असणार,
चाळीस वर्षं या अंगाच्या सात गावांत
लग्न असो की मरण, झारा माझ्याच हातात.

तेलाचा पिपा कढईत उपडा केला
तेव्हा हात थोडा थांबला. एवढंच.
मग तिखट पडलं, धूर उठला,
मांडवातली पोरं खोकलत पळाली
आणि तर्री वर आली, लालभडक,
वाकलं तर तोंड दिसेल अशी.

मला दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाळी बसवली.
मनगटातून तार घातली. ठिपका अजून आहे,
चटक्यांच्या डागांत तो लवकर सापडत नाही.
सुटी देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"ही रक्ताची, ही रात्रीची चरबीची.
एक दिवसही चुकवायची नाही.
आणि तेल-मीठ कमी."
मी पहिलं घेतलं.
दुसरं तिथंच खुर्चीवर ठेवून आलो.
आचाऱ्याला चाखू नको म्हणणं म्हणजे
सोनाराला डोळे मिटून बस म्हणणं.
गोळी घेतो ना मी, मग रस्सा का नाही?
असं माझं गणित.

बकारामचं उलटं.
त्याला धानाच्या चुरण्यात कळ आली, बांधीतच बसला.
ग्रामीण रुग्णालयातून त्यालाही माझ्याचसारखे पत्ते.
त्यानं मीठ सोडलं, लोणचं सोडलं,
बोकडाच्या पंगतीत कोपऱ्यात बसून
घरून आणलेली भाकर आणि बिनफोडणीची अंबाडी.
मला हसायचा,
"तुयी जीभच तुले नेईन, लटारू."
मी म्हणायचो, "तू तं बैलावानी चारा खातो."
गोळ्यांचं विचारलं की हात झटकायचा,
"पथ्य हाये ना माया. दवाई काहून?"

तेंदूपत्त्याच्या दिवसांत गेला.
पहाटे, खाटेवर, चप्पल पायात घालता घालता.

पंगती उठल्यावर पंचफुला वहिनीनं
पदराखालून पिशवी काढली.
"तुमच्याच असतीन तं पाहा, भाऊजी.
वाया काहून घालवाच्या."
मी चष्मा चढवला.
तीच नावं, तोच रंग.
रात्रीच्या गोळीचे पंधरा पत्ते,
एकाची फक्त दोन घरं फुटलेली.
दर महिन्याला सायकलनं जाऊन आणायचा, म्हणे.
घ्यायचा नाही. आणायचा मात्र नेमानं,
नर्सबाईला वाईट वाटू नये म्हणून.

मला मोजायची सवय.
तीनशे पानाला किती आलू, झोपेत सांगतो.
एकशे अठ्ठेचाळीस रात्री.

चुलीतली लाकडं अजून धुमसत होती.
मला एवढंच समजलं
की आम्हा दोघांत मिळून एक इलाज पुरा होता.
अर्धा त्याच्या ताटात,
अर्धा माझ्या बंडीच्या खिशात.
पन्नास वर्षं एका बिडीचे दोघे झुरके मारले आम्ही.
बिडी वाटता येते.

"ह्या परत करा बाईकडे," मी म्हणालो.
वहिनी म्हणाली, "तुम्ही जेवले नाही, भाऊजी?"

चार दिवसांनी लाखापूरला साखरपुडा, दोनशे पान.
सकाळी अर्ध्या पाण्यासोबत गोळी,
मग कढई, मग तोच धूर.
राजहंस, माझ्या हाताखालचा पोरगा,
त्याच्या तळहातावर मी रस्सा टाकला.
"मीठ पाह."
त्यानं चाटलं. माझ्याकडे पाहत राहिला.
"कमी वाटते काका. पन तुमीच सांगा."

माझा तळहात पुढे झालेला होता.
कधी झाला, कळलं नाही.
मी तो धोतराला पुसला.
कोरडाच होता.