दाराखालचा साप

लायब्ररीत, पुस्तकांच्या पलीकडे, खिडकीशी
शिलाई मशीन ठेवलंय. तासावर मिळतं, फुकट.
हुद्दा कुणी विचारला नाही.
विचारला असता तर सांगितलं असतं :
मार्युत, वेल्डर, राउमाची गोदी, बावीस वर्षं.

हे गाव लेसचं. दुकानांच्या काचांमागे
तळहाताएवढे पांढरे तुकडे, किंमत वाचून पुढे जावं असे.
मी पुढेच जात आले.

पिन्याने दोरा ओवून दाखवला.
पोरगी माझ्या निम्म्या वयाची.
वरून खाली, खालून वर, मग या आकड्यातून.
तीनदा ओवला, तीनदा निसटला.
जहाजाच्या पोटात पोलाद माझं ऐकतं,
इथे एक धागा जुमानेना.

नवशिक्याने सोपं घ्यावं, ती म्हणाली :
पिशवी, उशी, गरम भांडं धरायची फडकी.
मी काढली कामाची जुनी पॅन्ट.
उजव्या पायाची ठिणग्यांनी चाळण केलेली,
डावा धड.
पॅन्टचा पाय म्हणजे नळी. नळी मला कळते.
एक तोंड बंद, आत भरण, मग दुसरं बंद,
की झाला साप,
दाराखालचा वारा अडवायला.

माझ्या दाराखालून वारा येत नाही.
खालच्या मजल्यावर तइस्तो राहतो.
जानेवारी लागला की त्याच्या फटीत
वर्तमानपत्राची गुंडाळी खुपसलेली असते,
दार उघडताना रोज थोडी फाटते.
तो कुणाचं काही घेत नाही.
मागे मासे दिले होते,
दुसऱ्या दिवशी डबा परत आला, घासलेला,
आत मोजून पैसे.

पेडल मी गाडीचं समजून दाबलं.
टीप सुसाट सुटली, कापड सोडून निघाली.
आमच्याकडे जोड चुकला की ग्राइंडर,
धूर, आणि फोरमनची नजर.
इथे पिन्याने दोन दातांचं एवढंसं हत्यार हातात दिलं,
म्हणाली, उसवा, पुन्हा घाला.
आणि चहा आणायला गेली.

घरी येऊन दोन किलो सुके वाटाणे भरले,
गुरुवारच्या सूपचे.
दुसरं तोंड हातानेच कसंबसं शिवलं.
साप खांद्यावर टाकला, जिना उतरू लागले.

चौथ्या पायरीवर मशीनची टीप सुटली.

दोन किलो वाटाणे
दगडी जिन्यावरून तीन मजले उतरले,
सगळे माझ्या आधी.
दारं उघडली. कानात यंत्र घातलेला विद्यार्थी,
तळमजल्यावरची बाई, सुपली घेऊन.
आमच्या जिन्यात कुणी बोलत नाही.
न बोलताच सगळे गुडघ्यांवर बसले.

तइस्तो नुसत्या मोज्यांवर बाहेर आला.
रिकामा पाय उचलला, उलटा केला,
टिपेवरून अंगठा फिरवला.
"शेवटी दोन टाके मागे घ्यायचे असतात."

आत गेला, पत्र्याचा डबा घेऊन आला.
वाकडी सुई. मेण लावलेला जाड दोरा.
सतराव्या वर्षी मालवाहू जहाजावर
ताडपत्र्या शिवत होता म्हणे.
हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं.
पायरीवर बसलो. मी धरलं, त्याने शिवलं.
एकेक टाका शेजारच्याला चिकटून, त्याच मापाचा,
माझा हात चांगला चालतो
त्या दिवशी माझा जोड असा दिसतो.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, "शिलाईचे किती झाले?"

तो बराच वेळ हिशेब करत राहिला.
दोरा दातांनी तोडला.
"माझ्याकडे सुटे नाहीत," मी म्हटलं,
"हाच ठेवून घे."

त्याने साप हातात तोलला.
मासा तोलावा तसा.
"वाटाणे कमी पडलेत," म्हणाला,
आणि दार लावून घेतलं.

मार्चमध्ये एक वाटाणा माझ्या बुटात सापडला.
उजवा पाय अजून खुंटीला आहे.
त्याला ठिगळं लागतील, पिन्या म्हणते,
ठिगळ हा दुसरा धडा.